जुन्या डिलिव्हरी व्हॅनचं मोटरहोम केलं तर आरसीवर नोंद मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात २०१९ ची एक डिलिव्हरी व्हॅन स्वस्तात मिळते आहे. ओळखीचा फॅब्रिकेटर आत दोन बेड, ओटा, छोटं टॉयलेट आणि टपावर सोलर बसवून द्यायला तयार आहे. घरात चौघं जण आहेत. काम झालं की गाडी आरटीओत नेऊन आरसीवर ‘कॅम्पर व्हॅन’ लिहून घ्यायचं, आणि वापर नसेल तेव्हा गाडी भाड्याने द्यायची. जमेल का?

ती व्हॅन घेऊ नका. टोकन दिलं असेल तर शक्य तितक्या लवकर परत मागा. या कामात लोकांचे पैसे बहुतेक वेळा सुतारकामात किंवा इलेक्ट्रिकच्या सामानात बुडत नाहीत. ते बुडतात चुकीची मूळ गाडी निवडल्यामुळे, आणि ती चूक नंतर कितीही खर्च केला तरी दुरुस्त होत नाही.

कारण असं की डिलिव्हरी व्हॅन मालवाहू, म्हणजे एन वर्गात मंजूर झालेली असते. बाहेरून ती प्रवासी गाडीसारखीच दिसते, इंजिन तेच, पाटे तेच. पण कारखान्याने तिची चाचणी माल वाहण्यासाठी म्हणून करून घेतलेली असते. मागच्या भागात माणसं बसतील असं धरून आसनांचे पाये, बेल्टचे अँकरेज (बेल्ट गाडीला पक्का जोडायच्या जागा), दरवाजे, खिडक्या यांची तपासणी झालेली नसते. मोटरहोमला नियमांत मोटर कॅराव्हॅन म्हणतात, आणि ती एम वर्गातली, म्हणजे प्रवासी वाहनांमधली खास वापराची गाडी आहे. एन मधून एम मध्ये जाणं हा आरसीवरचा एक शब्द बदलण्याचा मामला नाही, ती वेगळीच गाडी ठरते. याच कारणाने पिकअपच्या हौद्यावर पक्की केबिन बसवून ‘कॅम्पर’ म्हणून पासिंग करायचा बेतही अडतो. बाजारात बोलेरो कॅम्पर नावाची गाडी आहे. नावामुळे अनेकांची फसगत होते, पण ती दोन रांगांच्या केबिनची मालवाहू पिकअप आहे.

आता कायद्याची बाजू. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा फेरफार मालकाने करायचा नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे काय तेही दिलं आहे: गाडीचं मूळ स्वरूप बदलेल असा तिच्या रचनेतला बदल. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अगदी स्पष्ट शब्दांत लावलं आणि राज्याच्या नियमांचा आधार घेऊन याला बगल देता येणार नाही असं म्हटलं. तेव्हापासून आरटीओतले अधिकारी नोंदणी झालेल्या गाडीच्या रचनेतल्या बदलाला हात लावायला कचरतात, आणि त्यांचं ते चुकतही नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द नीट वाचा: कापलेला टप, काढलेली आसनं आणि पत्रा कापून नव्याने पाडलेली खिडकी हे तीन फेरफार म्हणून मोजले जाऊ शकतात.

‘आधी बांधू, मग दाखवू’ हा क्रम म्हणूनच सोडून द्या. एजंट ‘करून देतो’ म्हणेल. तो जे करून देतो ते बहुधा एवढंच असतं की गाडी आहे त्याच वर्गात ठेवून रंग बदलल्याची किंवा तसलीच काहीतरी किरकोळ नोंद होते आणि तुम्हाला नवा आरसी हातात मिळतो. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर तोच आरसी आणि समोरची गाडी शेजारी शेजारी ठेवून बघतो.

मोटर कॅराव्हॅन कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे. राहण्याच्या भागात किमान चार गोष्टी हव्यात: आसनं आणि टेबल, झोपण्याची सोय (आसनांचाच बेड होत असेल तरी चालतो), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची कपाटं. हे सगळं गाडीला पक्कं जोडलेलं असावं. टेबल तेवढं काढता-घालता येणारं चालतं. टॉयलेट या चारांत नाही. अशा गाड्यांच्या मंजुरीसाठीचं मानक आहे एआयएस-१२४. कोणत्याही बिल्डरशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘माझ्या गाडीच्या याच मॉडेलवर तुमचं एआयएस-१२४ चं प्रमाणपत्र आहे का?’ उत्तर ‘आम्ही अशा खूप गाड्या केल्यात’ असं आलं तर ते उत्तर नाही.

आरटीओची नोंदणी ज्या ‘वाहन’ नावाच्या सरकारी संगणक प्रणालीत होते, तिच्यात वाहनाचे प्रकार निवडायची यादी असते. त्यात ‘मोटर कॅराव्हॅन’ आहे, ‘कॅम्पर व्हॅन / ट्रेलर’ आहे, आणि ‘कॅम्पर व्हॅन / ट्रेलर (खासगी वापर)’ हा वेगळा प्रकारही आहे. हा फरक ५ नोव्हेंबर २००४ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेतून आला. तिने कॅम्पर व्हॅनला परिवहन, म्हणजे व्यवसायाच्या वाहनांच्या यादीत घातलं, आणि खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला बिगर-परिवहन वाहनांच्या. म्हणजे एकाच प्रकारची गाडी पांढऱ्या (खासगी) पाटीवरही येऊ शकते आणि पिवळ्या (परिवहन) पाटीवरही. कोणती पाटी हवी ते अर्ज करण्याआधी ठरवावं लागतं, कारण कर, फिटनेस, परमिट, विमा सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता सरळ मार्ग. नवी, नोंदणी न झालेली गाडी घ्यायची आणि त्याच मॉडेलवर मंजुरी असलेल्या बिल्डरकडून बांधून घ्यायची. महाराष्ट्रात यासाठी बहुतेक लोक फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया किंवा टाटा विंगर यांच्याकडे वळतात. उंच टप, आत उभं राहता येणं आणि कुठेही मिळणारे पार्ट हे त्याचं कारण.

पहिला धोका डीलरकडेच असतो. पूर्ण बांधलेली गाडी डीलरने विकली की तिला पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत न्यावं लागत नाही, सगळं शोरूममधूनच होतं. डीलरच्या ऑफिसातल्या माणसाने नेहमीच्या सवयीने ‘१३ सीटर’ म्हणून नोंदणी करून टाकली की तुमची नवी कोरी गाडी कलम ५२ च्या कचाट्यात सापडली. बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या की गाडी मोटर कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी जाणार आहे, आणि तात्पुरत्या नोंदणीशिवाय दुसरी कोणतीही नोंदणी करायची नाही. तात्पुरती नोंदणी सहा महिन्यांपर्यंत असते. बॉडी न बसवलेली चेसिस वर्कशॉपमध्ये अडकली तर शुल्क भरून मुदत वाढवून मिळते, पण ती संपण्याआधी अर्ज करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचा हा तात्पुरता नंबर असतो. त्यावर सहलीला निघू नका. डीलर ते वर्कशॉप आणि वर्कशॉप ते आरटीओ, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी गोष्ट कागदांची. बिल्डरचं मंजुरी प्रमाणपत्र मागून घ्या आणि स्वतः वाचा. त्यात मूळ गाडीचं मॉडेल आणि व्हेरिएंट, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, जीव्हीडब्ल्यू म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, प्रवासात बसणाऱ्यांची संख्या आणि आतला आराखडा असतो. यातलं एकही तुमच्या गाडीशी जुळत नसेल तर ते प्रमाणपत्र तुमच्यासाठी नाही. ३,३५० मिमी व्हीलबेसवर घेतलेली मंजुरी त्याच कंपनीच्या लांब व्हीलबेसच्या गाडीला आपोआप लागू होत नाही. बीएस-४ च्या काळातली मंजुरी बीएस-६ गाडीला चालत नाही. आराखड्यात मागे आडवा बेड असेल आणि तुम्हाला त्या जागी मुलांसाठी दुमजली बंक हवे असतील, तर बिल्डरने चाचणी संस्थेकडून तो बदल आधी मंजूर करून घ्यायला हवा. ‘आत काय आहे ते कोण बघतंय’ हे वाक्य ऐकलं की तिथून उठा.

फॉर्म २२-ए इथे कळीचा आहे. बॉडी वेगळ्या ठिकाणी बांधली जाते तेव्हा याचा पहिला भाग गाडीचा कारखाना देतो आणि दुसरा भाग बॉडी बिल्डर. दोन्ही भागांवरचा चेसिस आणि इंजिन नंबर एकेक अक्षर पाहून जुळवा. त्यांच्यासोबत फॉर्म २० चा नोंदणीचा अर्ज, फॉर्म २१ चं विक्री प्रमाणपत्र, बिल्डरचं बिल, विमा, पत्त्याचा पुरावा आणि तात्पुरत्या नोंदणीचा कागद लागतो.

यापेक्षाही जास्त गाड्या अडतात त्या एका न दिसणाऱ्या कारणाने. मंजूर झालेलं मॉडेल होमोलोगेशन पोर्टलवर, म्हणजे मंजूर मॉडेलांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, चढवलेलं असावं लागतं, आणि चाचणी संस्थेने ते तिथे मान्य केलेलं असावं लागतं. प्रमाणपत्र छापील आहे, सही-शिक्का आहे, पण पोर्टलवर मॉडेल दिसत नाही, अशा वेळी आरटीओतला कर्मचारी मनात असूनही पुढे जाऊ शकत नाही. त्याच्या पडद्यावर निवडायला काही नसतंच. बिल्डरकडून आधी नोंदणी झालेल्या त्याच मॉडेलच्या एखाद्या गाडीचा आरसी बघायला मागा. त्यावर प्रकाराच्या जागी काय छापलंय ते पाहिलं की पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं.

बिल्डरकडे मंजुरी नसेल तर? तो स्वतः अर्ज करू शकतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खालच्या चाचणी संस्था हे काम करतात. तांत्रिक तपशील, रेखाचित्रं, प्रत्येक सुट्या भागाचे चाचणी अहवाल, मग प्रत्यक्ष गाडीची तपासणी, असा तो प्रवास असतो. दहा-वीस गाड्या बांधणाऱ्याला तो खर्च परवडतो. एका गाडीसाठी तुम्ही तो उचलू नका. मंजुरी असलेला दुसरा बिल्डर शोधणं कितीतरी स्वस्त पडतं.

आणखी एक मार्ग आहे, आणि चौघांच्या कुटुंबाला वर्षातून चार-पाच सहलीच करायच्या असतील तर तोच जास्त शहाणपणाचा. खासगी नोंदणीची नेहमीची गाडी घ्या, तिला हातही लावू नका. आसनं जागच्या जागी, टप न कापलेला, कारखान्याची वायरिंग न तोडलेली. आत सुटी, उचलून बाहेर काढता येणारी पेटी ठेवा: वर फोम, खाली खण, मागच्या दाराशी सरकणारा ओटा. ही पेटी सामान आहे, गाडीचा भाग नाही, त्यामुळे आरसीवर बदलण्यासारखं काही उरत नाही. पेटी कारखान्याच्या सामान बांधायच्या कड्यांना पट्ट्यांनी घट्ट आवळा. जोरात ब्रेक लागला तर ४० किलोची सुटी पेटी पुढच्या आसनावर येऊन आदळते. मागची आसनं कायमची काढून टाकली तर मात्र आसनसंख्या आरसीशी जुळणार नाही आणि तुम्ही पुन्हा कलम ५२ पाशी याल.

आता बांधणीकडे येऊ, कारण कागद बरोबर असूनही तपासणीत नापास होणाऱ्या गाड्या बहुतेक वजनावर अडकतात.

घरच्या फर्निचरची सवय असलेला सुतार १८ मिमीचं प्लाय वापरतो. ८ बाय ४ फुटांचा असा एक ताव सुमारे ३६ किलोचा. १२ मिमीचा ताव सुमारे २४ किलो. सहा ताव लागले तर ७० किलोंचा फरक फक्त जाडीतून पडतो, आणि ७० किलो म्हणजे घरातलं एक मोठं माणूस. कपाटांचे सांगाडे ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपात, दारं ९ किंवा १२ मिमीची, असं करा. जमिनीला १२ मिमी पुरतं, खाली आधार नीट दिला तर. पाण्याचं वजन विसरलं जातं: १०० लिटर स्वच्छ पाणी म्हणजे १०० किलो, आणि वापरलेलं पाणी वेगळ्या टाकीत जमतं म्हणून ते वजन गाडीतच राहतं. टपावरचा एसी ३० ते ३५ किलो, वर सोलर पॅनल, त्यांची चौकट. हे सगळं उंचावर असल्यामुळे घाटाच्या वळणावर गाडी जास्त झुकते.

एकूण वजनाइतकंच ते कुठे पडतं हेही महत्त्वाचं. समजा व्हीलबेस ३.३५ मीटर आहे आणि १०० लिटरची भरलेली टाकी मागच्या एक्सलच्या ०.९ मीटर मागे, मागच्या दाराशी बसवली. मागच्या एक्सलवर १०० किलो वाढले असं आपण धरतो. प्रत्यक्षात १०० गुणिले (३.३५ + ०.९) भागिले ३.३५, म्हणजे जवळजवळ १२७ किलो वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरचे २७ किलो कमी होतात. त्यातच मागे सायकलींचं स्टँड, जास्तीचं चाक आणि जनरेटर टांगला की पुढचं स्टिअरिंग हलकं होतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरतात आणि मागचे टायर लवकर झिजतात. तीच टाकी दोन्ही एक्सलच्या मध्ये, जमिनीलगत बसवली तर यातला एकही त्रास होत नाही. पाणी, बॅटरी, गॅस या तीन जड गोष्टींची जागा सुतार बोलावण्याआधी खडूने जमिनीवर आखून घ्या.

वजनकाट्यावर गाडी तीनदा चढवा: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पाणी, डिझेल, गॅस सगळं भरलेलं असताना. प्रवासातल्या प्रत्येक माणसामागे ७५ किलो वेगळे धरा. ही बेरीज जीव्हीडब्ल्यूच्या आत हवी आणि प्रत्येक एक्सलचं वजन त्या एक्सलच्या मर्यादेच्या आत. एकूण वजन बसतं पण मागचा एक्सल ओव्हरलोड, हे चित्र फार नेहमीचं आहे. फर्निचर चढवायच्या आधी रिकाम्या गाडीचीही एक पावती करून ठेवा, म्हणजे बांधणीचं खरं वजन किती ते समजेल.

लांबीचाही हिशोब आहे. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या एक्सलच्या मागे उरणारी गाडीची लांबी, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून जास्त चालत नाही. ३,३५० मिमीला ती मर्यादा २,०१० मिमी. मागे वाढवलेली पेटी किंवा टॉयलेटची खोली यातच बसली पाहिजे.

गॅसचा कप्पा हा या गाडीतला सर्वांत जोखमीचा भाग, म्हणून त्यावर थोडं थांबतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि बेडखालच्या कपाटात साठतो. सिलिंडरसाठी पत्र्याचा स्वतंत्र कप्पा करा. त्याचं दार फक्त बाहेरून उघडावं, राहण्याच्या भागाकडच्या सगळ्या फटी सीलबंद असाव्यात आणि तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक असावं. ते भोक सायलेन्सरच्या किंवा बॅटरीच्या वर येऊ देऊ नका. मॅट टाकताना किंवा गाडी धुतल्यावर ते बुजलेलं नाही ना, हे दर सहलीआधी बोट घालून बघा. सिलिंडर उभाच ठेवा, पट्ट्याने आवळा, गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर गाडीत नेऊ नका. त्याचा वापर घरगुती स्वयंपाकापुरताच आहे. दुकानात मिळणारा ५ किलोचा सिलिंडर पुरतो. गॅसचा अलार्म ओट्याच्या वर लावतात, ती चूक आहे. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा. गॅस नकोच वाटत असेल तर इंडक्शन लावा, व्याख्येतली स्वयंपाकाची सोय त्यानेही पूर्ण होते.

पण मग वायरिंग गंभीरपणे घ्यावी लागते. २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून पूर्ण लोडवर सुमारे १८५ अँपिअर ओढतो. घरच्या एसीची ४ चौरस मिमीची वायर इथे पेटेल. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दीड मीटरच्या आत ठेवा, ५० चौरस मिमी किंवा त्याहून जाड तांब्याची केबल घ्या, आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा. फ्यूज इन्व्हर्टरपाशी बसवला तर मधली केबल पत्र्यावर घासून शॉर्ट झाल्यावर तिला कुणी वाली नसतो. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (गळती किंवा जास्त करंट झाला की वीज तोडणारा स्विच) लावा आणि गाडीचा सांगाडा अर्थला जोडा. गाडीच्या मूळ वायरिंगला टॅप मारून घरातले दिवे जोडू नका. अल्टरनेटरवरून चार्जिंग हवं असेल तर डीसी-डीसी चार्जर लावा.

प्रवासात बसायची आसनं मोजकी आणि खरी ठेवा. ज्या आसनाला चाचणी झालेलं अँकरेज आणि बेल्ट आहे तेवढंच प्रवासाचं आसन. बेड गाडी थांबल्यावरच वापरायचा. मुलं मागे झोपून जातील ही कल्पना मनातून काढून टाका. जोरदार ब्रेक लागला की झोपलेल्या माणसाला धरून ठेवणारं तिथे काहीच नसतं. आडव्या बाकाला प्लायमध्ये बोल्ट ठोकून बेल्ट लावलेला असतो, तो पहिल्याच झटक्यात उपटून येतो.

आतलं कापड, फोम आणि रेक्झिन आयएस १५०६१ च्या ज्वलन चाचणीत उतरलेलं घ्या. आडवं जळण्याचा वेग मिनिटाला १०० मिमीपेक्षा जास्त नसावा. दुकानदाराच्या तोंडी हमीवर विसंबू नका, अहवालाची प्रत घ्या. मागचं दार आतून उघडलं पाहिजे. डिलिव्हरी व्हॅनच्या रिकाम्या बॉडीत अनेकदा आतून हँडलच नसतं, आणि बेड मागे असला तर आगीच्या वेळी तोच रस्ता उरतो.

तपासणीच्या दिवशी काय अडतं ते सांगतो. चेसिस नंबरवर रबर कोटिंग मारलेलं असतं किंवा तो नव्या फूटबोर्डाखाली गेलेला असतो, त्यामुळे पेन्सिलची छाप घेता येत नाही. मागची नंबरपाटी किंवा दिवे सायकल स्टँडने झाकलेले असतात. बाजूला लावलेली ऑनिंग (सावलीसाठीचं उघड-मिट होणारं छत) किंवा पायरी बंद केल्यावरही अंगाबाहेर राहते. आसनसंख्या फॉर्म २२-ए वर पाच आणि गाडीत बेल्ट चारच. अग्निशामक आहे, पण त्याची मुदत संपलेली. यातली एकेक गोष्ट अर्ध्या तासाची आहे, पण तिच्यासाठी दुसऱ्या तारखेची वाट बघावी लागते. कर किती लागेल तेही गाडी बुक करायच्या आधी, प्रकार आणि बिलाची रक्कम सांगून कार्यालयात मोजून घ्या. मूळ गाडीच्या बिलात बांधणीचं बिल मिळवलं की आकडा बदलतो.

भाड्याने देण्याबद्दल. खासगी नोंदणीची कॅम्पर व्हॅन भाड्याने देता येत नाही, ओळखीच्यांनाही नाही आणि ‘फक्त डिझेलचे पैसे’ म्हणूनही नाही. परमिटशिवाय व्यवसाय केला तर कलम १९२-अ लागतं: पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० रुपये दंड. भाड्याचंच काम करायचं असेल तर सुरुवातीपासून परिवहन वर्गात जा. पिवळी पाटी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस, पर्यटक परमिट, एआयएस-१४० चं ट्रॅकिंग यंत्र आणि धोक्याचं बटण. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. पण ती व्यवसायाची नोंदणी आहे. आरटीओच्या नोंदणीच्या जागी ती चालत नाही. तुमच्यासारख्या घरगुती वापरासाठी मी खासगी नोंदणीच सुचवेन. वर्षातले चार-सहा बुकिंग मिळवण्यासाठी परमिट आणि फिटनेसची साखळी गळ्यात घेणं परवडत नाही.

लायसन्सची चिंता नको. ७,५०० किलोपर्यंतच्या जीव्हीडब्ल्यूची गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी परिवहन वर्गातल्या तेवढ्या वजनाच्या गाड्यांनाही ते लागू केलं आहे.

विमा घेताना प्रस्तावात मोटर कॅराव्हॅन असंच लिहा. बांधणीची किंमत वेगळी दाखवा, विजेवर चालणारं सामान आणि बाकीचं सामान अशा दोन याद्या करून, बिलांसह. नाहीतर गाडी चोरीला गेल्यावर फक्त मूळ गाडीची किंमत मिळेल आणि आतले काही लाख कुठेच दिसणार नाहीत. कर्ज असेल तर बांधणी सुरू करण्याआधी बँकेची लेखी संमती घ्या. लांबच्या प्रवासात एकाच परराज्यात सलग १२ महिन्यांहून जास्त मुक्काम झाला तर तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणून मुक्कामाच्या पावत्या जपा.

आणि ती २०१९ ची व्हॅन आधीच घेऊन झाली असेल, तर तिच्यात माणसं बसवू नका. मालवाहू गाडीच्या मागच्या भागातल्या प्रवाशांना तिच्या विम्याचं संरक्षण मिळेल असं धरून चालता येत नाही. मालाच्याच कामाला लावा किंवा मूळ स्थितीत विका. आत भोकं पाडलेली, टप कापलेली व्हॅन विकायला गेलात तर किंमत आणखी पडेल. नव्या गाडीचं टोकन देण्याआधी बिल्डरकडून चार कागद हातात घ्या: तुमच्या व्हेरिएंटचं एआयएस-१२४ प्रमाणपत्र, आधीच्या ग्राहकाच्या आरसीची नाव-पत्ता झाकलेली प्रत, बांधणीनंतरच्या प्रत्येक एक्सलच्या वजनाचा अंदाज, आणि नोंदणी न झाल्यास पैसे परत देण्याची लेखी अट.